एक थाप माफ

पुण्यात राहून 'मला सिनेमातलं फारसं कळत नाही' असं म्हणायला धाडस लागतं. इथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, फिल्म इन्स्टिट्यूट आहे, प्रभात कंपनीच्या नावाचा रस्ता आहे आणि महोत्सवाच्या दिवसांत गळ्यात पास अडकवून फिरणारी माणसं आहेत. ही माणसं सिनेमा बघत नाहीत, करतात. "काल दोन कोरियन केले, एक इराणी केला, संध्याकाळी जरा थकवा आला," असं सांगतात. मी सिनेमा बघतो तो सोफ्यावर पाय वर घेऊन, हाताशी शेंगदाणे ठेवून आणि बहुतेक वेळा मध्यापासून. दिग्दर्शक कोण, हा प्रश्न मला सिनेमा पडला तरच पडतो.

मतं मात्र माझी पक्की आहेत आणि ती विनोदी सिनेमा, विज्ञानपट आणि मारधाडपट या तीनच प्रकारांबद्दल आहेत. बाकीच्यांबद्दल मला मत नाही. कौटुंबिक सिनेमा घरात रोज चालू असतो. प्रेमपटाचं वय गेलं. भयपट पाहिला तर रात्री पाणी प्यायला उठताना बायकोला सोबतीला उठवावं लागतं आणि मग कोणाला जास्त घाबरायचं हे ठरत नाही.

सिनेमा म्हणजे थाप, हे तर उघड आहे. पण सामाजिक सिनेमा 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी लावून थाप मारतो. हे तीन प्रकार मात्र पोस्टरवरच कबुली देतात. पोस्टरवर मोटार हवेत आहे, पुरुष साडीत आहे आणि आकाशातून काहीतरी हिरवं येतंय. म्हणजे थाप मारायची की नाही हा वाद मिटला. आता ती कशी मारली एवढंच बघायचं. यावर माझा एक नियम आहे: एका सिनेमाला एक थाप माफ. कितीही मोठी असो. मात्र ती एकदा मारली की पुढचा सगळा व्यवहार चोख पाहिजे. दुसरी थाप आली की मी चहा ठेवायला उठतो.

'मिस्टर इंडिया' घ्या. शेखर कपूरचा, १९८७ सालचा. मनगटावर यंत्र बांधलं की माणूस दिसेनासा होतो. मान्य. आम्ही का म्हणून विचारलं नाही, कसं म्हणूनही विचारलं नाही. पण त्याबरोबर एक अट घातली होती, लाल प्रकाशात तो दिसतो. ती अट सिनेमाने शेवटपर्यंत पाळली. ती नसती तर मोगॅम्बोचा निकाल मध्यंतराआधीच लागला असता आणि उरलेल्या वेळात अनिल कपूरला पोरांच्या जेवणाची व्यवस्था बघत बसावं लागलं असतं. त्या काळी आमच्या वाड्यातली पोरं लाल जिलेटीनचा कागद डोळ्यांना लावून रिकाम्या जिन्यात बघत असत. एवढा विश्वास थापेवर कोण ठेवतो? थाप चोख असली तरच.

विनोदी सिनेमात तर थाप आपल्याला मारतच नाहीत. पात्रं एकमेकांना मारतात आणि आपण कटात सामील असतो. 'अशी ही बनवाबनवी'मध्ये चार पुरुषांना पुण्यात जागा हवी आहे, मालकीणबाईंना जोडपी हवी आहेत, म्हणून दोघं साडी नेसतात. झाली एक थाप. त्यानंतर सगळं अगदी प्रामाणिक आहे. साडी नेसली म्हणजे चालणं आलं, आवाज आला, बायकांच्या गप्पांत बसणं आलं आणि थाप टिकवायची म्हणून शेवटी लक्ष्मीकांत बेर्ड्यांचं डोहाळजेवण आलं. एका भाड्याच्या खोलीपासून डोहाळजेवणापर्यंत माणूस पायरी न चुकता पोचतो, हे केवढं मोठं काम आहे! हीच थाप हृषीकेश मुखर्जींनी १९६६ साली 'बीवी और मकान'मध्ये मारली होती. ती विसरली गेली आणि १९८८ सालची आमच्या घरात अजून पाठ आहे. त्याचं श्रेय मी अशोक सराफांना देतोच, पण थोडं पुण्यालाही देतो. ज्याने या गावात भाड्याने खोली शोधली आहे त्याला तो सिनेमा विनोदी वाटत नाही. माहितीपट वाटतो. आणि सरपोतदारांच्या सत्तर रुपयांचं काय झालं हे ज्याला सांगावं लागतं, त्याला मी जावई करून घेणार नाही.

सत्तर रुपयांवरून आठवलं. चांगल्या विनोदी सिनेमात रक्कम लहान असते. 'गोलमाल'मध्ये (१९७९चा, पुढे त्याच नावाने आलेल्या मोटारींच्या मिरवणुकीशी त्याचा संबंध नाही) अमोल पालेकरला एक साधी नोकरी हवी आहे. उत्पल दत्तचा मिशीवर विश्वास आहे म्हणून एक जुळा भाऊ जन्माला घालावा लागतो. 'हेराफेरी'त भाडं थकलंय, कर्ज थकलंय, गॅरेज चालत नाही. थकलेल्या भाड्याशिवाय विनोद होत नाही, असं माझं मत आहे. हल्लीच्या विनोदी सिनेमातली माणसं लंडनच्या बंगल्यात राहतात आणि तिथे बसून गैरसमज करून घेतात. अहो, पण तुम्हाला काय कमी आहे? खरं सांगून टाका ना. तुमचं कोण काय वाकडं करणार आहे? ज्याला खरं बोलणं परवडतं त्याच्या थापेला हसू येत नाही.

'हेराफेरी'बद्दल आणखी एक. बाबूराव गणपतराव आपटे हे मराठी पात्र. सिनेमा प्रियदर्शनचा, मूळ कथा मल्याळम, भूमिका परेश रावळांची. धोतर, जाड भिंगांचा चष्मा आणि कायम वैतागलेला चेहरा. खरं तर मराठी माणसाची टिंगल म्हणून आपण २००० सालीच निषेधाचं पत्रक काढायला हवं होतं. पण प्रत्येकाला त्यात आपला कोणीतरी काका दिसला आणि काकाच्या भीतीने पत्रक राहून गेलं.

इंग्रजी विनोदी सिनेमांपैकी आमच्याकडे 'होम अलोन' चालतो. नाताळाच्या सुट्टीत घरचे सगळे पॅरिसला जातात आणि एक पोरगं घरी विसरून राहतं. निघताना त्यांनी डोकी मोजलेली असतात, पण त्यात शेजारचं पोर मोजलं जातं. आमच्या घरी हा सिनेमा घडणं शक्य नाही. आम्ही डोकी मोजतच नाही, बॅगा मोजतो. पोर राहिलं असतं तर रात्रीच्या मुक्कामाला कळलं असतं. खाऊच्या डब्याची पिशवी राहिली असती तर चौकातून गाडी फिरवली असती.

आता विज्ञानपट. इथे थाप थेट आपल्याला मारतात आणि वर शास्त्रज्ञाचं प्रमाणपत्र जोडतात. त्यामुळे विज्ञानपट एकट्याने बघता येत नाही, शेजारी समजावून सांगणारा लागतो. आमच्याकडे हे काम भाचा करतो. तो अभियांत्रिकीला आहे, म्हणजे यंत्रांखेरीज सगळ्या विषयांवर बोलतो. नोलनचा 'इंटरस्टेलर' त्यानेच लावला. आई जपमाळ घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत होती.

"मामा, नीट लक्ष दे. या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं."

"का पण?"

"शेजारी कृष्णविवर आहे ना. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने काळ हळू चालतो."

आईने माळ थांबवली. "म्हणजे रेवतीसारखंच की."

"कोण रेवती?"

मग आईने सांगितलं. ककुद्मी राजा मुलीसाठी स्थळ विचारायला तिला घेऊन ब्रह्मदेवाकडे गेला. तिथे गाणं चाललं होतं, म्हणून दोघं शांत बसली. गाणं संपल्यावर राजाने मनातली नावं सांगितली. ब्रह्मदेव हसला, म्हणाला, अरे, एवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं झाली, ती मुलंही गेली आणि त्यांची पतवंडंही. आता खाली जा आणि बलरामाला दे. खाली येऊन बघतात तो माणसं आखूड झालेली आणि रेवती ताडमाड. बलरामाने तिला नांगराच्या टोकाने खाली ओढून बेताची केली आणि लग्न लागलं.

भाचा विचारात पडला. मग म्हणाला, "आजी, काळाचं चालेल. पण नांगर ही दुसरी थाप झाली."

"थाप काय मेल्या! पुराणात आहे."

या वादात मी पडलो नाही. 'आपल्याकडे सगळं आधीपासून होतं' हा दावा जयंत नारळीकरांना मुळीच मान्य नव्हता आणि मी त्यांच्या बाजूचा. पण एक गोष्ट मात्र मी भाच्याला ऐकवली. कृष्णविवरावरची गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. 'कृष्णविवर' नावाची कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत आली आणि पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी केलेली. मोठं नाव बघून परीक्षक दबू नयेत म्हणून हा खटाटोप. विज्ञानकथा लिहिताना विज्ञानात थाप मारायची नाही, म्हणून त्या सज्जन माणसाने ती नावात मारली. याला म्हणतात एक थाप माफ.

'इंटरस्टेलर'वाल्यांनीही पुष्कळ काळजी घेतली होती. सल्लागार किप थॉर्न. त्यांना पुढे २०१७ साली नोबेल मिळालं. सिनेमासाठी नव्हे, गुरुत्वीय लहरींसाठी. त्यांच्या समीकरणांवरून संगणकाने कृष्णविवर काढलं आणि त्यातली काही चित्रं तर एकेक करून शंभर-शंभर तास घेत होती. हे ऐकून मला आदर वाटला. इतके कष्ट घेऊन थाप मारणारा माणूस खोटारडा नसतो, कारागीर असतो. पण मग शेवटी नायक त्या कृष्णविवरात पडतो आणि निघतो कुठे, तर मुलीच्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटामागे. तिथून तो तिच्या घड्याळाच्या काट्याने निरोप पाठवतो.

मी उठलो.

"मामा, अरे आता तर खरा भाग आहे!"

"तुम्ही बघा. आलं घालू का चहात?"

'इंडिपेन्डन्स डे'मध्येही असंच झालं. परग्रहवासी येतात, शहरांएवढी यानं घेऊन येतात, मान्य. पण मग एक मनुष्य आपल्या लॅपटॉपवरून त्यांच्या यानात व्हायरस सोडतो आणि त्यांची सगळी संरक्षणव्यवस्था कोसळते. परक्या आकाशगंगेतल्या यंत्राला लॅपटॉप एका झटक्यात जोडला जातो? आमच्या घरातला प्रिंटर त्याच टेबलावरच्या संगणकाला ओळख देत नाही. दर वेळी नव्याने स्थळ सांगून आल्यासारखा बघतो.

आपल्याकडे परग्रहवासी फार येत नाहीत. 'कोई मिल गया'मधला जादू आला (२००३) आणि तो हिमाचलात उतरला. त्याची शक्ती उन्हावर चालते. हा नियम मला आवडला, साधा आहे आणि सिनेमा तो पाळतो. त्याचं यान जुलै महिन्यात आंबोलीला उतरलं असतं तर मात्र बिचाऱ्याला दिवाळीपर्यंत कोणाच्या तरी पडवीत बसून राहावं लागलं असतं. कोकणातल्या माणसांनी त्याला पेज घातली असती, पण जागेच्या वादात त्याची साक्षही काढली असती. त्याआधी, १९६७ साली, दारासिंग 'चाँद पर चढाई'मध्ये चंद्रावर जाऊन मारामारी करून आले होते. आर्मस्ट्राँग त्यानंतर दोन वर्षांनी पोचला. तोवर तिथे शांतता झाली होती, तिचं श्रेय कोणाला द्यायचं हे ज्याचं त्याने ठरवावं.

बाकी खरं अंतराळ आपल्याला सिनेमापेक्षा स्वस्त पडतं, हा हिशेब मी पाहुण्यांना आवर्जून सांगतो. मंगळयानाला सुमारे ४५० कोटी रुपये लागले. 'ग्रॅव्हिटी' या सिनेमाला सुमारे दहा कोटी डॉलर लागले, म्हणजे तेव्हाच्या दराने सहाशे कोटींच्या वर. आपण मंगळापर्यंत पोचलो त्यापेक्षा जास्त पैसे त्यांना पृथ्वीच्या जवळपास तरंगायला लागले. पाहुणे माना डोलावतात. मग मीच त्यांना मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नचा भाव सांगतो आणि विषय बदलतो.

मारधाडपटांबद्दल माझं मत थोडं जुनाट आहे. इथली सगळ्यात उत्तम थाप म्हणजे थाप नसणं. बस्टर कीटनच्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्ये (१९२८) घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि तो वाचतो, कारण तो नेमका वरच्या उघड्या खिडकीच्या जागी उभा असतो. भिंत खरी होती, कीटन खरा होता. दोन्ही बाजूंना काही इंचांची मोकळीक. चेहरा मात्र असा, की जणू बसची वाट बघतोय. आपल्याकडे १९३५ साली मुंबईत 'हंटरवाली' निघाला आणि त्यात नाडियाबाई चाबूक घेऊन स्वतः घोड्यावरून उड्या मारत होत्या. जॅकी चॅन त्यांच्याच घराण्यातला. तो पडतो तेव्हा दुखलेलं दिसतं, शिवाय सिनेमा संपल्यावर नावांबरोबर खरे अपघातही दाखवतो, म्हणजे पावती देतो. टॉम क्रूझने तर 'मिशन इम्पॉसिबल'च्या सहाव्या भागात एका इमारतीवरून दुसरीवर उडी मारताना घोटा मोडून घेतला. मोडल्यावर तो उठून लंगडत पुढे गेला, कारण कॅमेरा चालू होता. ते दृश्य सिनेमात ठेवलेलं आहे. आमच्या सोसायटीत जिन्यात पाय मुरगळला तर सर्वसाधारण सभा बोलावतात.

ज्याचा भांग मोडत नाही तो नायक मला चालत नाही. शंभर जणांना लोळवून शर्टाची इस्त्री शाबूत राहिली तर मला त्या शंभर जणांच्या हजेरीबद्दल शंका येते. रोहित शेट्टींच्या सिनेमात मोटारी उडतात, त्याला माझी हरकत नाही. मोटार उडणं ही त्यांची एक थाप, ती घराण्यात आहे, वडील फाइट मास्टर होते. फक्त उडालेल्या मोटारीच्या मालकाचं मला वाईट वाटतं. विमा कंपनीला तो कारण काय लिहून देत असेल? त्याचा नो-क्लेम बोनस तर गेलाच. 'सिंघम' गोव्यात मारामारी करतो तेव्हा मी पार्किंगमधल्या गाड्यांचे नंबर बघत असतो.

एकच नियम धरून दोन तास काढणारा मारधाडपट म्हणजे १९९४ सालचा 'स्पीड'. बसमध्ये बॉम्ब आहे. बस ताशी ५० मैलांच्या वर गेली की तो जागा होतो आणि मग वेग ५० च्या खाली आला की फुटतो. ५० मैल म्हणजे ८० किलोमीटर. आमच्या गावात हा कट करणाऱ्याचं फार हसं झालं असतं. लक्ष्मी रस्त्यावर बस ऐंशीच्या वर जाणारच नाही, म्हणजे बॉम्ब जागाच होणार नाही. तो खलनायक गणपतीपर्यंत वाट बघेल, मग मिरवणूक सुरू होईल, मग तो दुसऱ्या शहरात बदली मागून घेईल. याउलट 'फास्ट अँड फ्युरियस'वाले. २००१ साली ही मंडळी डीव्हीडी प्लेअरचे ट्रक लुटत होती. २०२१ साली, नवव्या भागात, मोटार घेऊन अंतराळात गेली. प्रत्येक भागाला एकेक थाप माफ करत करत आपण त्यांना कुठे नेऊन सोडलं बघा. माझ्या नियमातली ही पळवाट आहे आणि ती त्यांनी बरोबर शोधली.

विनोद आणि मारधाड एका पातेल्यात शिजवायची तर ते मराठीत महेश कोठाऱ्यांनी केलं. 'झपाटलेला' (१९९३) हॉलीवूडच्या 'चाइल्ड्स प्ले'वरून सुचलेला, पण बाहुला रामदास पाध्यांचा आणि दहशत अस्सल देशी. तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरला, ही एक थाप. पुढे नियम असा, की ज्याला पहिल्यांदा गुपित सांगितलं त्याच्याच शरीरात जाता येईल, म्हणजे नायक लक्ष्याच्या. आणि मरण भुवयांच्या मधोमध. दोन्ही नियम शेवटपर्यंत पाळले. तात्या विंचू खुनी होता, पण नियमाने वागणारा होता. हे मी सोसायटीच्या सभेत उदाहरण म्हणून एकदा सांगितलं तर कोणाला आवडलं नाही.

गेल्या आठवड्यात 'रोबोट' लागला होता, रजनीकांतचा, २०१० सालचा. शास्त्रज्ञही तेच, यंत्रमानवही तेच. एक डास ऐश्वर्या रायला चावतो, तर यंत्रमानव डासांच्या वस्तीत जाऊन त्यांच्या भाषेत बोलतो, नेमका तो डास शोधतो आणि त्याला माफी मागायला लावतो. नंतर शेकडो यंत्रमानव एकमेकांना चिकटून कधी चेंडू होतात, कधी साप, कधी डोंगराएवढा माणूस. मी टाळ्या वाजवत होतो. भाचा माझ्याकडे बघत होता.

"मामा, ही कितवी थाप?"

"मोजली नाही."

"आणि चहा?"

"आजीला सांग. मी इथून उठत नाही."

"मग नियमाला काय अर्थ राहिला? माझ्या नोलनने एक कपाट दाखवलं तर उठून गेलास."

"नोलन कधी बसमध्ये कंडक्टर होता का?"

"याचा काय संबंध?"

"यांनी बंगळुरात तिकिटं फाडली आहेत. शिवाय मूळचं नाव शिवाजीराव गायकवाड."

"हा शुद्ध पक्षपात आहे!"

"आहेच," आई माळ ओढत म्हणाली, "आता तो डास पुन्हा दाखवतात का बघ रे."